वरचा पूल कोणता

"बूट दाराशीच काढ," ओरा आत्या म्हणाली. "आणि ते कागद टेबलावर नकोत. पीठ सांडलंय."

फीबीने बूट काढले. मार्चमधला चिखल घोट्यापर्यंत आला होता. झेरॉक्स कागदांची गुंडाळी तिने कोटाच्या आतच ठेवली आणि चुलीजवळच्या स्टुलावर बसली. गावसभा नऊला सुरू व्हायची होती. आत्याला न्यायला तिने साडेआठला यायचं ठरलं होतं, ती साडेसातलाच आली होती.

ओरा थर्लो फीबीच्या वडिलांची आत्या, वय एक्क्याऐंशी. पण स्टार्कवेल गावात तिला आत्या म्हणायला नात्याची गरज नव्हती. चौतीस वर्षं ती गावाची कारकून होती. जन्म, लग्न, कुत्र्यांचे परवाने आणि प्रत्येक सभेचं इतिवृत्त, सगळं तिच्या तिरप्या अक्षरात वहीत उतरलेलं.

"लवकर आलीस म्हणजे काहीतरी वाईट आहे," आत्या बीन्सच्या मडक्यावर झाकण ठेवत म्हणाली. "बोल. मर्लने पुन्हा वेंडेलला काही बोलून ठेवलं का?"

"बाबांचं आणि काकाचं नाही हे. निधीचं आहे."

"असं." आत्याने हात पुसले.

फीबी वर्षभरापूर्वी विद्यापीठातून जलविज्ञान शिकून परत आली होती. गावाच्या राखीव निधीच्या तीन विश्वस्तांपैकी एक जागा रिकामी होती, तिच्यावर लोकांनी तिला निवडून दिलं, कारण दुसरं कुणी उभंच राहिलं नाही. काम तसं सोपं. गावाने एखाद्या गोष्टीसाठी दरवर्षी थोडे थोडे पैसे बाजूला टाकायचे, विश्वस्तांनी ते सांभाळायचे, आणि त्या गोष्टीची वेळ आली की तिघांनी सह्या करून सोडायचे. त्याच गोष्टीसाठी, दुसऱ्या कशासाठी नाही. कायद्याचा सगळा भार या एका वाक्यावर होता.

तिने गुंडाळी उलगडली. "अठ्ठावन्न सालची वही. नववा ठराव. 'स्लॅब हॉलो गिरणीजवळील वरच्या पुलाच्या पुनर्बांधणीसाठी राखीव निधी स्थापन करावा.' मांडणारे एल्ब्रिज थर्लो."

"माझे वडील. जाडसर अक्षर हॅना पीबडीचं, तेव्हाच्या कारकुनाचं. तिला वेलांट्या जमत नसत."

"आत्या, गिरणी इथून पाऊण मैल वर होती. तिथे पूल नाही. तिथे दोन दगडी ओटे आहेत. लहानपणी त्यांच्यावर बसून आम्ही सगळ्यांनी मासे धरले."

"बारके मासे. सोडून द्यायला हवे होते."

"आपण ज्याला वरचा पूल म्हणतो, ज्याच्यावरून मी आत्ता गाडी घेऊन आले, तो या निधीतला पूल नाहीच. हा मधला." फीबी थांबली. "तुला माहीत होतं?"

आत्याने खुर्ची ओढली. "मी तेवीस वर्षांची होते तेव्हा. साठच्या एप्रिलमध्ये नदीवरचा बर्फ फुटला आणि पूल गेला, तेव्हा काठावर उभी होते. गिरणी आधीच बंद पडली होती, पुन्हा कुणी बांधला नाही. तिनाचे दोन झाले. दोनात मधला कुठला असतो? लोक त्यालाच वरचा म्हणायला लागले. पुढे मी कारकून झाले आणि लोक म्हणायचे तसं लिहीत गेले. 'वरच्या पुलाच्या निधीत भर.' दरवर्षी."

"कधी लक्षात आलं नाही?"

"आलं ना. त्र्याहत्तर साली. म्हटलं, पुढच्या सभेत दुरुस्त करून घेऊ. पुढच्या वर्षी ऑरिन आजारी पडला." नवऱ्याचं नाव घेतलं की आत्या क्षणभर खिडकीबाहेर बघायची, तसं तिने बघितलं. "मग राहूनच गेलं. एक वर्ष राहिलं की दुसऱ्या वर्षी सांगायची लाज वाटते. दहा वर्षांनी तर तोंडच उघडत नाही."

आजच्या सभेत चौदावा ठराव होता: वरच्या पुलाच्या निधीतून दोन लाख अकरा हजार डॉलर काढून वरच्या पुलाची दुरुस्ती करावी. साधं बहुमत पुरेसं होतं. फीबीने आत्याला जे सांगितलं ते आत्याला तिच्यापेक्षा जास्त पाठ होतं. निधीचा हेतू बदलायचा तर हजर मतदारांची दोन तृतीयांश मतं लागतात, आणि ती गोष्ट सभेच्या नोटिशीत दोन आठवडे आधी लागलेली असावी लागते. आयत्या वेळी घुसवता येत नाही.

"म्हणजे यंदा नाही," आत्या म्हणाली.

"यंदा नाही."

"आणि मेपासून पूल बंद. पंचांनी तसं लिहून दिलंय. पलीकडे बर्फ काढायची गाडी येणार नाही." तिने हे बसचं वेळापत्रक सांगावं तसं सांगितलं. पुलापलीकडे तीन घरं होती. दोन उन्हाळ्यापुरती उघडणारी, तिसरं हे. "मर्लने सांगितलंय, त्याची शिलाई मशीनची खोली रिकामी करून देतो म्हणून. चांगली खोली आहे. खिडकीतून गॅरेज दिसतं."

फीबीने कागद पुन्हा गुंडाळले.

"हे कुणाकुणाला माहीत आहे?" आत्याने विचारलं.

"तुला आणि मला."

आत्या उठली. मडक्याला टॉवेल गुंडाळला आणि घट्ट गाठ मारली. "मग दोघींनाच राहू दे," ती म्हणाली.

*

शाळेच्या व्यायामशाळेत बास्केटबॉलच्या कड्याखाली सभाध्यक्षांचं टेबल मांडलं होतं. मर्ल थर्लो दाराजवळ उभा होता. गावाच्या रस्त्यांची जबाबदारी त्याच्याकडे होती आणि आज गळ्यात टाय होता, दोन्हींनी त्याचा श्वास कोंडल्यासारखा झाला होता. बाहेर ऊन पडलं होतं. रात्री थंडी आणि दिवसा ऊन म्हणजे मेपलच्या झाडांना रस सुटायचा आणि तो गोळा करायचा दिवस. निम्मा गाव कुरकुरतच आत आला.

मर्लचा धाकटा भाऊ वेंडेल अग्निशमन दलाचं जाकीट घालूनच आला होता. मागे त्याची सहा-सात माणसं, तशाच जाकिटांत.

"लग्नाला आलायस का रे?" वेंडेल टायकडे बघत म्हणाला.

"आणि तू काय, आग लागायची वाट बघत?"

"तीच माझी नोकरी आहे, दादा."

"तुझ्या वाटणीचं हॅम तीन रविवार राखून ठेवलं होतं. चौथ्या रविवारी मी त्याचा हेतू बदलला. खाऊन टाकलं."

वेंडेल हसला, पण ओठांनीच. जानेवारीत त्याने सह्या गोळा करून पंधरावा ठराव नोटिशीत घालून घेतला होता. वरच्या पुलाच्या निधीचा हेतू बदलून त्यातून नवा बंब घ्यावा. एका आत्याच्या घरासाठी गावाने पूल दुरुस्त करायचा की सगळ्या गावासाठी बंब घ्यायचा, असं तो दुकानात बोलला होता, आणि ते मर्लपर्यंत संध्याकाळच्या आत पोहोचलं होतं. तेव्हापासून रविवारचं एकत्र जेवण बंद.

सकाळ ग्रंथालयाच्या छपरात आणि कचरा डेपोच्या वेळेत गेली. डेपो बुधवारी उघडा ठेवावा की नाही यावर चाळीस मिनिटं चर्चा झाली. बाराला जेवणाची सुट्टी झाली. आठवीच्या मुलांच्या सहलीसाठी आया बीन्स, हॅम आणि काळ्या पावाचं जेवण विकत होत्या. फीबीने वडिलांना ताट घेऊन कोपऱ्यात, गुंडाळलेल्या गाद्यांपाशी बोलावलं आणि सगळं सांगितलं.

मर्लने तोंडातला घास सावकाश गिळला. "आणि हे मला आज सांगतेस?"

"मला काल सापडलं."

"मग उद्या सापडू दे."

"बाबा."

"नाही, ऐक. पन्नास वर्षं लोकांनी हात वर केले, पैसे टाकले. त्यांच्या डोक्यात कुठला पूल होता? हाच. मी स्वतः हात वर केलेत. कागद काय म्हणतो ते सोड."

यात तथ्य होतं, आणि फीबीला ते रात्रभर छळत होतं. "पण पहिल्यांदा ज्यांनी हात वर केले त्यांच्या डोक्यात दुसरा होता."

"ते मेले."

"म्हणूनच. ते येऊन सांगू शकत नाहीत. त्यांनी फक्त एक वाक्य मागे ठेवलंय." तिने काटा खाली ठेवला. "नदीत पातळी मोजायची पट्टी रोवतात ना, तिचा शून्य कुणी न सांगता हलवला तर पुढचे सगळे आकडे बरोबर दिसतात आणि सगळे चूक असतात."

"मला नदी शिकवू नकोस. तीस वर्षं मी तिच्यातून मोऱ्या उपसतोय." मर्लने आवाज खाली आणला. त्याच्या मनात शिलाई मशीनची खोली होती. ती खोली त्याने मोजली होती, पलंग बसतो, चूल बसत नाही. आत्याला त्याने चुलीशिवाय कधी पाहिलं नव्हतं. "तुझ्या सहीशिवाय पैसे निघणार नाहीत. तू सही करणार की नाही?"

"मला अजून माहीत नाही."

"आत्याला माहीत आहे हे?"

फीबीची नजर पलीकडे गेली. मर्लनेही तिकडे पाहिलं. आत्या लांब टेबलाशी बसली होती, तिच्यासमोर ताट होतं, आणि ती जेवत नव्हती. ती फीबीकडे बघत होती.

*

ओरा आत्याने त्या पोरीला पाळण्यात पाहिलं होतं. सहा वर्षांची असताना फीबी एक सबंध उन्हाळा वही घेऊन पुलाखाली बसायची आणि पाणी कुठल्या दगडापर्यंत आलं ते रोज लिहायची. एक दिवस ताप आला म्हणून नोंद राहिली. आत्या म्हणाली, अंदाजाने लिही. पोरीने ती ओळ कोरी ठेवली.

आता ती तिथे गाद्यांना टेकून उभी होती, ताटातलं तसंच, डोळ्यांखाली काळं. आत्याला वाटलं, मी चौतीस वर्षं जे केलं तेच आज या पोरीला करायला सांगतेय. आणि हिच्यापुढे तर पन्नास वर्षं आहेत.

सभाध्यक्ष हायरम पेटिग्रू गुरांचे डॉक्टर होते. टेबलावर हातोडी आपटून त्यांनी चौदावा ठराव वाचला. एका पंचाने मांडला, दुसऱ्याने अनुमोदन दिलं.

"चर्चा?"

फीबी उठू लागली. तिने कागद हातात घेतले होते. आत्याने लांबूनच तिला हाताने बसवलं आणि स्वतः उभी राहिली.

"अध्यक्षमहाराज."

"बोला, ओरा आत्या."

"हा ठराव चूक आहे. चूक माझी आहे."

सभागृह हसलं, कारण आत्या कधीमधी विनोद करायची. मग हसू थांबलं. तिने स्लॅब हॉलोचं सांगितलं, साठचा बर्फ सांगितला, त्र्याहत्तर साल सांगितलं. ऑरिनच्या आजारपणाचं सांगितलं नाही. "निधी ज्या पुलासाठी आहे तो पूल नाही. हे पैसे या पुलाला लावता येत नाहीत. वहीत 'वरचा' हा शब्द मी लिहीत गेले, आणि तो दुसऱ्या पुलाचा होता. मला माहीत होतं. आज सकाळी मी आणखी एकाला गप्प बसायला सांगितलं, तेही चूक होतं. एवढंच."

ती बसली.

"आत्या, स्वतःचंच घर बुडवलंस!" मागून मर्ल ओरडला. सभेत अध्यक्षांना सोडून कुणाशी बोलायचं नसतं हे तो विसरला. त्याने टाय ओढून काढला.

"मर्ल, अध्यक्षांशी बोला," पेटिग्रू म्हणाले. त्यांनी डोकं खाजवलं. "विश्वस्तांचं काय म्हणणं?"

फीबी उभी राहिली. तिचा आवाज नेहमीपेक्षा बारीक निघाला. "मूळ ठरावाची प्रत माझ्याकडे आहे. आत्या म्हणते ते खरं आहे. चौदावा मंजूर झाला तरी मला सही करता येणार नाही. आधी निधीचा हेतू बदलावा लागेल. त्याला दोन तृतीयांश मतं लागतात, आणि हेतू बदलण्याचा ठराव नोटिशीत असायला लागतो." ती थांबली. हे वाक्य ती काल रात्रीपासून मनात म्हणत होती आणि प्रत्येक वेळी इथेच संपवत होती. आज तिला त्याच्या पुढचं दिसलं. तिने नोटिशीचं पान उलटलं. "आणि तसा एक ठराव आहे नोटिशीत. पंधरावा."

सगळी डोकी वेंडेलकडे वळली.

*

वेंडेलला आपल्यावर खिळलेल्या नजरा आवडत नसत. आगीच्या वेळी कुणी त्याच्याकडे बघत नाही, सगळे आगीकडे बघतात.

त्याला कळायला थोडा वेळ लागला, मग एकदम कळलं. त्याचा ठराव होता 'वरच्या पुलाच्या निधीचा हेतू बदलण्याबाबत'. कशात बदलायचा, त्यात दुरुस्ती सुचवता येत होती. दादा तीन महिने ज्या ठरावाला शिव्या देत होता, तेच आता आत्याच्या घराचं एकमेव दार होतं, आणि किल्ली त्याच्या जाकिटाच्या खिशात.

त्याच्या शेजारी त्याची माणसं बसली होती. सहा-सात जण, त्यांच्या बायका, त्यांचे मेहुणे. ते हलले नाहीत तर दोन तृतीयांश होत नव्हते. ते सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होते.

सहा वर्षांपूर्वी आत्याच्या गोठ्याला आग लागली तेव्हा गाडी पुलाच्या अलीकडे उभी करावी लागली होती. 'सहा टन' अशी पाटी, आणि गाडी सोळा टनांची. त्यांनी पाइप खांद्यावरून ओढत नेले, पोहोचले तेव्हा दोन गाई आत होत्या. त्यातली एक ओरडत होती, ते त्याने घरी कुणाला सांगितलं नव्हतं. त्या रात्री त्याने ठरवलं होतं, नवीन गाडी घ्यायची. लहान, हलकी, पुलावरून जाईल अशी. हेही कुणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर आत्या म्हणाली असती, गाईसाठी एवढा खर्च?

"अध्यक्षमहाराज," तो उठत म्हणाला, "पंधरावा आधी घ्यावा असं सुचवतो."

अनुमोदन मिळालं, हात वर झाले, पंधरावा आधी आला.

"आता माझी दुरुस्ती. 'बंब खरेदीसाठी' हे काढा. 'सध्याच्या पुलाच्या दुरुस्तीसाठी' घाला." तो मागे न बघता बोलला. "पूल धड झाला तर माझी जुनी गाडी त्यावरून जाईल. जुनी आहे, पण अजून ढकलावी लागत नाही. बंबाचं पुढच्या वर्षी बघू. आणि माझ्या भावाला सांगा, हॅम परत राखायला लाग."

"अध्यक्षांना सांगा," मर्ल मागून म्हणाला.

सभागृह हसलं. आत्या उठली.

"'सध्याचा पूल' चालणार नाही, अध्यक्षमहाराज. सध्या म्हणजे कधी? पन्नास वर्षांनी कुणीतरी विचारेल."

"'ओरा थर्लोच्या घराकडे जाणारा पूल' लिहू," कुणीतरी म्हणालं.

"मी मेल्यावर ते घर दुसऱ्याचं होईल. मग पुन्हा हीच बोंब."

"मग काय लिहू, आत्या?" पेटिग्रू म्हणाले. गुरांच्या डॉक्टरकीत त्यांना असे प्रश्न पडले नव्हते.

फीबीने हात वर केला. "अक्षांश आणि रेखांश. माझ्याकडे आहेत. नदीच्या कामासाठी मी पुलाच्या दोन्ही टोकांचे घेतलेत."

मग मागच्या रांगेतून एक म्हातारा म्हणाला, "आकडे बदलत नाहीत ना गं?"

"सहसा नाही," फीबी म्हणाली. "आणि बदललेच तर फार हळू."

तिने आकडे सांगितले. पेटिग्रूंनी ते मोठ्याने वाचले, अंश, मिनिटं, सेकंद, शब्द शब्द करत, जसे बाप्तिस्म्याला नाव घेतात. मग रंगीत कागदाच्या पट्ट्या फाडल्या गेल्या. हो किंवा नाही लिहून लोक रांगेने लाकडी पेटीपाशी आले. अग्निशमन दलाची माणसं सगळ्यात शेवटी उठली. वेंडेल त्यांच्याकडे बघत नव्हता, बुटाची नाडी बांधत होता.

मोजायला वीस मिनिटं लागली. मर्ल कॉफीचे दोन कागदी पेले घेऊन आला, एक वेंडेलसमोर ठेवला आणि काही न बोलता शेजारच्या खुर्चीत बसला.

"साखर?" वेंडेल म्हणाला.

"आहे."

"किती?"

"पी मुकाट्याने."

पेटिग्रू उभे राहिले. "एकूण मतं एकशे एकोणचाळीस. दोन तृतीयांश म्हणजे त्र्याण्णव." त्यांनी चष्मा नीट केला. "होकारार्थी, चौऱ्याण्णव. दुरुस्तीसह ठराव मंजूर. आता चौदाव्यातला पूल त्याच आकड्यांनी लिहून घेऊ आणि मताला टाकू."

आवाज उठला, खुर्च्या सरकल्या. कुणीतरी टाळ्या वाजवल्या, ज्या सभेत वाजवायच्या नसतात. मर्लने भावाच्या पाठीवर हात ठेवला आणि काढायला विसरला. फीबी जागच्या जागी बसली, तिच्या हातातली झेरॉक्स घामाने ओली झाली होती. तिने गर्दीत आत्याला शोधलं.

आत्या तिच्या खुर्चीवर नव्हती. ती कड्याखालच्या टेबलाशी पोहोचली होती, आताच्या कारकुनाच्या, जोआनच्या खांद्यावरून वाकून. जोआनची बोटं लॅपटॉपवर थांबली होती.

"वाच," आत्या म्हणाली. "मोठ्याने वाच. पहिल्या आकड्यापासून."

जोआनने वाचलं. आत्या ओठ हलवत ऐकत होती. तिसऱ्या आकड्याला तिने हात वर केला.

"फीबी बारा म्हणाली ना? पडद्यावर एकवीस दिसतंय."

जोआनने बघितलं, तोंडावर हात नेला आणि आकडा खोडला.

"आता बरोबर," आत्या म्हणाली, आणि खुर्ची ओढून तिथेच बसली. "पुढचं वाच."